१५ वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात? थांबा जरा

ग्रुपवर फिरतंय की १५ वर्षं झालेली पेट्रोल आणि १० वर्षं झालेली डिझेल गाडी आता चालवताच येणार नाही, तर हे महाराष्ट्रासाठी चूक आहे, तो वयाचा नियम दिल्ली-एनसीआरचा, एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशातून आलेला. आपल्याकडे १५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की ५ वर्षांसाठी रजिस्ट्रेशन रिन्यू होतं. फुकट नाही हां, एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५००० झालीय, वर पर्यावरण कर, आणि इन्शुरन्स, पीयूसी चालूच. तरी इंजिन ठणठणीत असेल, पत्रा गंजला नसेल तर नव्या गाडीच्या हप्त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे, कृपया घाबरून मातीमोल भावात विकू नका.