लायसन नको म्हणजे नक्की कुठल्या स्कूटरला?

ते व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन-पासिंग काही लागत नाही, दहावीच्या पोराला बिनधास्त घेऊन द्या, ते अर्धवट आहे. सूट फक्त २५० वॉटच्या आत मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत स्पीड, दोन्ही असेल तरच, म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराकडे त्या मॉडेलचा एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचा टेस्ट रिपोर्ट मागा. आणि "एक वायर काढून देतो, ४५ पळेल" म्हणाला तर सरळ उठा तिथून, कारण मग ती मोटार वाहन झाली, नंबर प्लेट, इन्शुरन्स, लायसन सगळं आलं, आणि पोरगा अठराच्या आतला सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली २५,००० दंड नि ३ वर्षांपर्यंत कैद बापाला होऊ शकते. स्वस्तातली हवी तर घ्या की, पण हेल्मेट द्याच.