डोळा वाचवला म्हणून कॅन्सर पसरला? साफ खोटं आहे हे

मावशीला डोळ्याचा मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर होता, प्लाक (डोळ्यावर काही दिवस बसवतात ती किरणोत्सारी चकती) लावून रेडिएशन झालं, डोळा राहिला, आणि आता काही वर्षांनी लिव्हरमध्ये गाठी निघाल्यात. अशात कोणीतरी तिला तो फिरणारा मेसेज पाठवला. म्हणे डोळा वाचवायच्या नादात लोक जीव घालवतात, लगेच काढला असता तर पसरलाच नसता, अजूनही काढा, मूळ गेलं की फांद्या आपोआप वाळतात. लिव्हर तर परत वाढतं, तेवढा भाग कापून टाका, डॉक्टर नाही म्हणत असतील तर त्यांना केमोचे पैसे हवेत. मावशी मला विचारत होती, "माझंच चुकलं का गं?" एका आजारी बाईला हा प्रश्न पडायला लावणाऱ्याचा मला भयंकर राग आलाय.

तिचं काहीही चुकलेलं नाही. अमेरिका-कॅनडात कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलानोमा स्टडी झाली, मध्यम आकाराच्या गाठीचे १३१७ पेशंट, कोणाचा डोळा काढायचा आणि कोणाला प्लाक लावायचा हे रँडम ठरवलेलं, म्हणजे डॉक्टरचा कल किंवा पेशंटची आवडनिवड मध्ये आलीच नाही. १२ वर्षांनी बघितलं तर डोळा काढलेल्यांपैकी ४१ टक्के लोक गेले होते आणि प्लाकवाल्यांपैकी ४३ टक्के, सगळी कारणं धरून. एवढा फरक योगायोगानेही पडतो. डोळा गमावून जास्त आयुष्य मिळालं असं दिसलंच नाही! कारण हा कॅन्सर रक्तातून जातो, आणि बऱ्याच जणांत गाठ सापडायच्या आधीच काही पेशी निसटून दुसरीकडे जाऊन बसलेल्या असतात, वर्षानुवर्षं गप्प, असं डॉक्टर मानतात. पसरतो तेव्हा दहातल्या साधारण नऊ जणांत लिव्हरमध्येच सापडतो.

मग आता डोळा काढून काय होणार? लिव्हरमधल्या गाठींना रक्त लिव्हरमधूनच मिळतं, त्या डोळ्याच्या जिवावर जगत नाहीत. हां, गाठ डोळ्याची भिंत फोडून खोबणीत आली असेल, किंवा डोळ्याची नजर गेलीय आणि तो असह्य दुखतोय, तर काढतात. पण ते त्या जागेपुरतं.

लिव्हरचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. निरोगी लिव्हर कापल्यावर भरून येतं, आणि पसरलेल्या गाठी काढायचं ऑपरेशनही होतं. पॅरिसच्या इन्स्टिट्यूट क्युरीने २००९ मध्ये आपला अनुभव छापला, ज्यांच्या गाठी पूर्ण निघाल्या, मायक्रोस्कोपखालीही काही उरलं नाही, त्यांच्यातले निम्मे ऑपरेशननंतर २७ महिन्यांहून जास्त जगले, सगळे ऑपरेशनवाले धरले तर हाच आकडा १४ महिने. पण पूर्ण निघणारे थोडेच, आणि तेही निवडलेले, गाठी कमी, उशिरा आलेल्या, म्हणजे आजारच मुळात जरा हळू चालणारा, त्यामुळे २७ महिन्यांचं सगळं श्रेय सुरीला देता येत नाही. बाकीच्यांत कितीतरी वेळा लिव्हरभर बारीक ठिपके असतात, स्कॅनमध्येही धड न दिसणारे. तिथे कुठला "तेवढा भाग" कापणार? अशा वेळी सर्जन नाही म्हणतो तेव्हा तो पेशंटला मोठ्या ऑपरेशनच्या त्रासातून वाचवत असतो.

आणि केमोच्या पैशांचं तर बोलूच नका, साधी केमो या कॅन्सरवर फारशी चालत नाही हे डॉक्टर स्वतःच सांगतात.

ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही, असंही नाही. टेबेंटाफुस्प नावाच्या, शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, ट्रायलमध्ये वर्षभराने ते घेणारे ७३ टक्के हयात होते, दुसरी औषधं घेणाऱ्या गटात ५९. ते फक्त एचएलए-ए०२:०१ हा पेशींवरच्या खुणेचा जन्मजात प्रकार असलेल्यांनाच चालतं, रक्ताच्या तपासणीत कळतं. मेलफॅलन हे केमोचं औषध फक्त लिव्हरमधून फिरवायची पद्धतही आहे. तेव्हा कोणाच्या घरी हा आजार असेल तर तो मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा: लिव्हरचा एमआरआय झालाय का, गाठी पूर्ण निघतील असं सर्जनला वाटतंय का, आणि एचएलए टेस्ट कधी करायची.