दात मोजून कुत्रं

कुत्रं पाहायला गेलो आणि मुलाखत माझीच झाली, हे अजून पचलेलं नाही.

घरात वाद जुनाच. बायकोला जर्मन शेफर्ड हवा, कारण पोलिसांकडे तोच असतो. पोराला ग्रेट डेन हवा, कारण मोबाईलमध्ये तो सोफ्यावर बसतो आणि पुढचे पाय जमिनीला टेकतात. आपल्याकडे सोफा नाही, हे पोराला सांगून झालं. आर्वीच्या बाजूला एकाकडे दोन्हींची पिल्लं आहेत असं कळलं. गाडीला किक मारली तर मागे शेजारचे बाबाजी बसलेलेच.

बाबाजींनी उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. गवळाऊ जातीचा गोऱ्हा चालताना पाहिला की त्याची माय कोणत्या गावची, ते सांगायचे. ट्रॅक्टर आले, बाजार ओसरला, आता ही नजर नुसती पारावर बसून असते.

मालक हाफ पॅन्टीतला पोरगा. त्याने कौतुकाने पिल्लं पुढे केली. बाबाजींनी ती पाहिलीसुद्धा नाहीत.

"आधी बाप दाखव."

डेन बाहेर आला. खांद्याशी ८० सेंटिमीटरच्या वर, वजनात माझ्या बरोबरीचा. बाबाजींनी मागून सुरुवात केली. शेपटी उचलली, पुठ्ठ्यावर थाप मारली, पुढचा पाय गुडघ्यात वाकवून खूर शोधला, तो न सापडल्याने "हं" केलं आणि दोन बोटांनी ओठ वर करून तोंडात डोकावले. जनावर बिचारं गरीब, उभं राहिलं.

"बापू, याले वरचे दात बी हायेत ना!"

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. बाबाजींचा वयाचा सगळा हिशेब खालच्या आठांवर. मालक म्हणाला, मोठ्या कुत्र्याला ४२ असतात.

"बेचाळीस! मंग खानं पाय याचं. अन हा कुठचा?"

"नाव डेन, म्हणजे डेन्मार्कवाला, पण मूळ जर्मनीचा."

"अन थो दुसरा?"

"तोही जर्मनीचाच."

"म्हंजे भाऊबंद. मंग याचा भाव दुप्पट काउन?"

मालक पोराने मोबाईलवरचं पाठ केलेलं सांगितलं. शेफर्ड मुळात मेंढ्या राखणारा. १८९९ साली घोडदळातल्या एका कॅप्टनने ती जात पक्की केली. डेनचे पूर्वज रानडुकरांच्या शिकारीला न्यायचे. रानडुक्कर म्हटल्याबरोबर बाबाजी उठून उभे राहिले. आमच्याकडे तूर डुकरं लोळवतात, हरभरा रोही, म्हणजे नीलगाई, खातात, आणि माणसं थंडीत वावरात जागल करतात. भरपाईचा अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, तोवर डुकरांची पुढची पिढी तयार.

"बापू, हाच घे!"

"नाही हो बाबाजी," पोरगा घाबरला. "आता शिकार वगैरे नाही. हा फटाक्यांना भितो. जेवल्यावर पळवायचा नाही, पोट फुगून पीळ पडतो. पिल्लाला जिने चढू द्यायचे नाहीत, सांधे बिघडतात. आणि आयुष्य सात ते दहा वर्षं."

"म्हंजे खायाचं अन झोपाचं. पयनं नाही, चढनं नाही," बाबाजी म्हणाले, "जावईच झाला ना हा!"

तेव्हा पोरगा माझ्याकडे वळला. "काका, घरी एसी आहे?" मी तोंड उघडायच्या आत बाबाजी, "एक कूलर हाय. थो बी बुढीच्या खाटेपाशी. लाइन गेली का थोही बंद." मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे पोराला माहीत, तोही इथलाच. "मग शेफर्डलाही त्रास. दुहेरी केस असतात. कुत्र्यांचा डॉक्टर जवळ आहे?" आमच्या दवाखान्यात बैलाचा खूर आणि शेळीचं पोट पाहतात. कुत्र्याच्या हाडांचा फोटो काढायचा तर नागपूर. "दिवसभर घरी कोण असतं? फिरवणार कोण?" बाबाजींनी माझी दिनचर्या सांगितली, दुपारच्या झोपेसकट. तेवढ्यात डेनने सगळं अंग माझ्यावर रेलवलं. त्या जातीचं प्रेम असंच असतं म्हणे. मी पिंपाला धरून उभा.

राग त्याच क्षणी आला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, तोही कागदावर. पण कापूस घेऊन जा, व्यापारी मुठीत बोंड दाबतो, ओलावा काढतो, कवडी, म्हणजे डागी कापूस, काढतो, भाव पाडतो. विकायला गेलो तर मालात खोट, आणि पैसे मोजून घ्यायला गेलो तर माणसात खोट. कधी तरी समोरच्याचे दात पाहायची पाळी माझी येऊ द्या की!

शेवटी बाबाजींनी दुपट्टा सोडला, पोराचा हात त्याखाली ओढला आणि बोटं दाबून भाव सांगायला लागले. पोरगा हात सोडवायला पाहू लागला. "काय करून राह्यले बाबाजी?" हे त्याचं पहिलं खरं वऱ्हाडी वाक्य. सौदा तिथंच मोडला. "काका, तुमच्याकडे दोन्ही जमणार नाहीत," असं त्याने मला शुद्ध भाषेत सांगितलं.

घरी बायको अजून शेफर्डवर अडून आहे, पोरगा डेनवर. बाबाजी रोज सकाळी ओट्यावर येऊन दलाली मागतात. सौदा झाला नाही म्हटलं तर म्हणतात, पारख तर झाली. शेफर्डचे शंभर, डेनचे दोनशे.

"डेनचे दोनशे काउन?"

"दात जास्त मोजले ना."

शेफर्डलाही ४२च असतात, हे ते मानायला तयार नाहीत.