‘माळ घाला, मीटिंग कशाला?’ या मेसेजला उत्तर

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचं म्हणणं असं: दारू सोडायला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचा गट) मीटिंगा लागत नाहीत. माणसाला चार दिवस घरात कोंडा, माळ घाला, नाहीतर भाजीत पावडर मिसळा. मीटिंगला गेलात तर बोभाटा होतो, पैसे जातात, वर धर्मही बदलतात.

आधी कोंडण्याचं, कारण त्यात जीव जातो. ज्याला सकाळीच नाइंटी लागते, त्याची दारू एकदम तोडली की सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात. माणूस नसलेले किडे अंगावरून झटकतो, आणि घरचे ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावत बसतात. हे दवाखान्याचं काम आहे. बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडचं डिम्हान्स (सरकारी मानसिक आरोग्य संस्था) गाठा. रोज किती आणि शेवटची कधी, हे डॉक्टरला खरं सांगा. गल्लीत नुसती ग्लुकोजची बाटली चढवून घेऊ नका; आधी किंवा सोबत व्हिटॅमिन बी-१चं इंजेक्शन नसेल तर मेंदूला इजा होऊ शकते. मीटिंगचं काम यानंतरचं. तिथे दारू उतरवत नाहीत, पुन्हा चढू नये हे बघतात.

पावडरीत काय असतं ते पुडीवर नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध, पण ते रुग्णाला सांगून, लिव्हर तपासून, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तासांनी देतात. चोरून दिलं आणि तो प्याला तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

माळेशी कुणाचं वाकडं नाही. पण माळ खुंटीला अडकवून प्यायला बसणारे कुठल्या गावात नाहीत? तलफ बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी सातला येते. त्या वेळी फोन उचलणारा, स्वतः त्यातून गेलेला माणूस लागतो. मीटिंगमध्ये त्याला स्पॉन्सर म्हणतात.

बोभाट्याची भीती मात्र खोटी नाही. आडनाव विचारत नाहीत, हजेरी नसते, तरी तालुक्याच्या गावात तोंडं ओळखीचीच. म्हणून निपाणीकराने बेळगाव किंवा कोल्हापूर धरावं. पहिल्या दिवशी ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरे. एकाचं चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही.

पैशांचं म्हणाल तर फी नाही. पिशवी फिरते, त्यातून हॉलभाडं आणि चहा भागतो; नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं, आणि बाहेरची देणगी ते घेतच नाहीत. चर्चचा हॉल भाड्याने घेतला म्हणून कुणी ख्रिस्ती होत नाही. ए.ए.चा मार्ग बारा पायऱ्यांचा; त्यांत देव आहे, पण ‘आपल्याला समजेल तसा’. तुमचा विठोबा तिथे चालतो.

एका मीटिंगने सुटत नाही, हे मात्र बरोबर. ‘९० दिवसांत ९० मीटिंगा’ ही जुनी सूचना आहे; रोज मीटिंग नसेल तिथे उरलेल्या दिवशी फोन करायचा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले. माणसाला ए.ए.कडे वळवणारे उपचार वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस ठरले.

नवरा येवो न येवो, बायकोला अल-ॲनॉनच्या (पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीचा गट) मीटिंगला जाता येतं. अडल्यास १४४१६ वर (टेली-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन लावा.