डेव्हटूल्समधला बदल सर्व्हरवर आपोआप जात नाही

"क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये प्रोजेक्टचं फोल्डर जोडा. मग ब्राउझरमध्ये जे बदलाल ते फाइलमध्ये आणि सर्व्हरवर आपोआप सेव्ह होतं. नाही झालं तर कॅशे साफ करा." वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांच्या ग्रुपांत हा सल्ला सारखा फॉरवर्ड होत असतो. यातलं फोल्डर जोडण्यापुरतं खरं आहे. बाकीच्यावर विसंबून मुलांचं तासन्‌तास केलेलं काम पाण्यात जातं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

डेव्हटूल्स, म्हणजे वेबपान तपासायचं क्रोममधलंच साधन, सर्व्हरवर काहीही लिहीत नाही. त्यातल्या सोर्सेस टॅबमधल्या वर्कस्पेसला जोडलेलं फोल्डर तुमच्या मशीनवरचं असतं आणि सेव्हही तिथेच होतं. लोकलहोस्टवर, म्हणजे तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरवर, बदल दिसतो, कारण तिथला सर्व्हर तेच फोल्डर वाचतो. होस्टिंगवरच्या साइटसाठी फायली वर पाठवणारं गिट, आरसिंक, एसएफटीपी, जे वापरत असाल ते चालवावंच लागतं.

'जे बदलाल ते' हेही चूक. स्टाइल्स टॅबमध्ये पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) 12 चं 16 पिक्सेल केलंत आणि तो नियम जोडलेल्या सीएसएस फाइलमधला असेल, तर बदल डिस्कवर जातो. पण एलिमेंट्स टॅबमध्ये हेडिंगचा मजकूर बदललात तर रिफ्रेश करताच तो गेला. तिथे दिसतो तो डॉम, म्हणजे ब्राउझरने मेमरीत उभारलेली पानाची रचना, तुमची एचटीएमएल फाइल नाही. त्यात जावास्क्रिप्टने घातलेल्या गोष्टीही असतात, त्यामुळे त्यावरून मूळ फाइल लिहून काढता येत नाही. एचटीएमएल सोर्सेसमध्ये उघडा, तिथे बदला, कंट्रोल-एस दाबा.

आता कॅशे, म्हणजे ब्राउझरने आधी उतरवून साठवलेल्या फायली. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. 2017 च्या क्रोम 63 पासून फायलींची जोडी आपोआप लागते: सर्व्हरने पाठवलेला मजकूर आणि डिस्कवरची फाइल जुळली, तरच नावापाशी हिरवा ठिपका येतो. सर्व्हर मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून आखडलेली) सीएसएस देत असेल, किंवा लाइव्ह रीलोडवाला (फाइल बदलताच पान आपोआप रिफ्रेश करणारा) सर्व्हर एचटीएमएलमध्ये स्वतःची स्क्रिप्ट घुसवत असेल, तर जुळणी होणार कशी? तिथे कॅशे कितीदाही साफ करा, उपयोग शून्य. नेटवर्क टॅबमध्ये ती फाइल निवडून रिस्पॉन्स उघडा आणि एडिटरमधल्या फाइलशी ताडून पाहा. फरक तिथेच सापडतो. कधीकधी दोष खरंच कॅशेचा असतो, नाही असं नाही. पण नेटवर्क टॅबमधली 'डिसेबल कॅशे'ची टिक डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच चालते, आणि सर्व्हिस वर्कर (साइटची पार्श्वभूमीत चालणारी, स्वतःच्या साठ्यातून फायली देऊ शकणारी स्क्रिप्ट) असेल तर ॲप्लिकेशन टॅबमध्ये जाऊन त्याला वेगळं बायपास करावं लागतं.

'माझ्याकडे दिसतंय, क्लायंटला दिसत नाही' या तक्रारीत फाइलपाशी जांभळा ठिपका आहे का, ते आधी बघा. ते लोकल ओव्हरराइड्स, 2018 मध्ये क्रोम 65 ला आलेले. त्यात क्रोम सर्व्हरच्या फाइलऐवजी तुमच्या डिस्कवरची प्रत दाखवतो, तीही फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये. सर्व्हरवर खरं काय आहे ते बघायचं तर टर्मिनलमधून कर्लने (ब्राउझरशिवाय फाइल मागवणाऱ्या कमांडने) ती सीएसएस मागवा आणि पॅडिंग 12 आहे की 16 ते वाचा. कर्लपर्यंत ओव्हरराइड्स पोचत नाहीत.