पेशींना मरू देऊ नका हो

इंदुरात राहता ना? मग सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला वेगळा, सुका वेगळा घेऊन पायजम्यातच पळत असाल. शाबास. तर तुमच्या अंगातली पेशीसुद्धा अशीच पक्की इंदुरी असते बरं का. बिघडली किंवा काम संपलं की गुमान आवरायला घेते, आत कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालतात, डीएनएचे तुकडे होतात, सगळ्याची बारीक पुडकी बांधली जातात, वर "उचला" अशी खूण लागते आणि भक्षक पेशी येऊन गिळून जातात. एक थेंब सांडत नाही. 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी ह्याला ॲपॉप्टोसिस नाव दिलं, ग्रीकमध्ये म्हणे पानगळ. रोज अब्जावधी पेशी अशा जातात, ना दहावं ना तेरावं.

आता इतकी शिस्तीची माणसं आपण मरू द्यायची? छे! थांबवा त्यांना, खर्चही फार नाही.

आधी पी53 चा बंदोबस्त करा. हे प्रोटीन म्हणजे वाड्यातली आत्याबाई. डीएनएला ओरखडा दिसला की आधी काम थांबवते, दुरुस्त कर म्हणते, नाहीच जमलं तर "चल, आटप आता" म्हणून पेशीला मरायला लावते. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हिचाच जीन बिघडलेला सापडतो, म्हणजे बाई एकदा गप्प झाली की वाडा आपलाच, कोणी कितीही पोरं काढा. ती गप्प कशी करायची? पाउच! मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, म्हणून टपरीवर पानमसाला वेगळा आणि तंबाखू वेगळा मिळतो, आणि जगाला ओला-सुका वेगळा करायला शिकवणारे आपण हे दोन मात्र तळहातावर प्रेमाने एकत्र करतो. मग गालात दाबून ठेवायचं, दुपारभर. रात्री सराफ्यात गराडू खाल्ला की पचायला अजून एक. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं डीएनएला जाऊन चिकटतात, बाकी ती बघून घेतात.

"मी तर नुसती सुपारी खातो हो" म्हणणारे भिया पण निराश होऊ नका, 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय. तुमचाही नंबर आहे.

हत्तीचं मात्र बघू नका. त्याच्याकडे पी53 च्या जीनच्या 20 जोड्या आहेत, त्याची पेशी जरा बिघडली की लगेच मरते, म्हणून एवढा देह असून कॅन्सर कमी. आपल्याला एकच जोडी. खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून बाकीच्या 19 मिळत असतील तर बघा.

आणि हे जमलं की पुढचा फायदा पण ऐका, बरीचशी केमो आणि रेडिएशन शेवटी पेशीला हाच "आटप आता"चा हुकूम देतात. आत्याबाईच नाही म्हटल्यावर ऐकणार कोण? औषध येतं, बेल वाजवतं, जातं.

मधेच तोंड उघडायला त्रास होईल, आपली तीन बोटं उभी आत जाईनात, गालाची आतली कातडी पांढरी चामड्यासारखी लागेल. डॉक्टरकडे कशाला जाता? पोह्यांना छोटा चमचा घ्या, जिलबी मोडून खा.