‘करदाता’ यांना उत्तर: घरात बसून लिहिणाऱ्याकडून

करदाता महाशय,

४४ व्या घटनादुरुस्तीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘घरात बसून आणीबाणीवर लिहायला काय जातं? ही दुरुस्ती १९७८ ला नाही, १९७९ ला लागू झाली. तिने मालमत्तेचा मूलभूत हक्क घालवला, स्थानबद्धतेबद्दलचं (खटल्याविना डांबून ठेवण्याबद्दलचं) तिचं कलम तर आजतागायत लागूच नाही, आणि तुम्ही गोडवे गाताय.’

सालाचं मान्य. कायदा १९७८ चा, पण त्यातली बहुतेक कलमं २० जून १९७९ पासून लागू झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘घरात बसून’. हे लिहिण्याआधी आपण जरा चौकशी करायला हवी होती. १९७६ च्या संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या वडिलांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, पहाटे उचललं. मी चौथीत होतो. सदऱ्याची बटणं त्यांनी अंगणात, चालता चालता लावली, एवढीही उसंत दिली नाही. चौदा महिने ते आत होते. त्यांची पोस्टकार्डं आईने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, ती आज माझ्याकडे आहेत. एका कार्डावरच्या दोन ओळींवर काळी शाई फासलेली आहे. आई ते कार्ड उन्हात धरून वाचायचा प्रयत्न करायची. काय होतं त्यात, आम्हाला कधीच कळलं नाही.

मे महिन्यात आई वकिलांकडे गेली. ते म्हणाले, ‘वहिनी, आता अर्ज करून उपयोग नाही.’ कारण २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेत संरक्षण) या हक्कांसाठी कोर्टाची दारं बंद केली होती, आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार केलं तर दाद कुठे मागायची, हे त्यांनी सुनावणीत विचारलं होतं. आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असं सरकारतर्फे सांगितलं गेलं!

आणीबाणीत हक्क तहकूब करू देणाऱ्या कलम ३५९ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने लिहून ठेवलं की कलम २० (मनमानी शिक्षेपासून संरक्षण) आणि २१ साठी दाद मागण्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही. आणीबाणी लावायचं ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा, अशी अट घातली. गोडवे गातोय ते याचे, आणि गाणारच. माझ्या आईला वकिलाच्या पायरीवरून जसं परत यावं लागलं तसं आणखी कुणाला येऊ नये, यासाठी ती ओळ आहे. तुम्ही ती वाचलीत तरी का?

बाकी मुद्द्यांत फारसं काही नाही. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून गेला, पण कलम ३००-क आहे, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची जमीन आजही काढून घेता येत नाही. स्थानबद्धतेचा भाग सरकारांनी लागू केला नाही, तो दोष सरकारांचा. त्यासाठी दुरुस्तीला कशाला झोडपता?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायचं असेल तर पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.